विश्लेषण : पॅरिससाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावेल? या प्रश्नाने घडवलेले शार्ल द गॉल

जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका गोव्यात आली होती. नौकेचे नाव ‘शार्ल द गॉल’. पॅरिसला जाणारे अनेक भारतीय प्रवासी ज्या विमानतळावर उतरतात, त्याचेही नाव तेच. ज्यांच्या नावाने हे सारे ओळखले जाते, ते सेनानी आणि फ्रान्सचे माजी अध्यक्ष जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तरी युरोपच्या राजधान्यांत त्यांचा एक जुना प्रश्न आज पुन्हा विचारला जातो. संकट आल्यावर दूरचा मित्र आपली शहरे धोक्यात घालून तुमच्यासाठी अण्वस्त्र वापरेल का? द गॉल यांच्या मते प्रामाणिक उत्तर नाही असेच होते. म्हणून त्यांनी फ्रान्सला स्वतःची अण्वस्त्रे दिली. हा अविश्वास त्यांच्यात आला कुठून, त्यातून काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

सुरुवात कशी झाली?

शार्ल द गॉल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९० रोजी उत्तर फ्रान्समधील लिल शहरात झाला. वडील शिक्षक, घर कॅथलिक आणि कडवे देशाभिमानी. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला होता आणि अल्सास-लोरेन हा प्रदेश गमावून बसला होता. त्या पराभवाची सल घरात कायम होती. सहा फूट पाच इंच उंचीचा हा मुलगा सां-सीरच्या लष्करी अकादमीतून १९१२ मध्ये बाहेर पडला. त्याच्या पहिल्या पलटणीचे प्रमुख होते कर्नल फिलिप पेतां. पुढे या दोघांचे मार्ग अत्यंत कडवटपणे वेगळे झाले.

पहिल्या महायुद्धात द गॉल जखमी झाले. मार्च १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईत ते जर्मनांच्या हाती लागले. कैदेतून निसटण्याचे त्यांनी पाच प्रयत्न केले. पाचही फसले. युद्ध संपल्यावरच ते घरी परतले.

त्या युद्धानंतर जे घडले, तो आपल्या विषयाचा पहिला धडा. जर्मनी पुन्हा उठू नये म्हणून ऱ्हाइनलँड हा सीमाभाग जर्मनीपासून तोडावा, अशी फ्रान्सची मागणी होती. अमेरिका आणि ब्रिटन यांनी ती मान्य केली नाही. त्याबदल्यात जर्मनीने पुन्हा हल्ला केला तर आम्ही मदतीला येऊ, असा हमीचा करार त्यांनी देऊ केला. फ्रान्सने मागणी सोडली. पण अमेरिकी सिनेटने त्या कराराला मान्यता दिलीच नाही. ब्रिटनची हमी अमेरिकेच्या हमीवर अवलंबून होती, त्यामुळे तीही आपोआप विरली. फ्रान्सच्या हाती ना प्रदेश राहिला, ना हमी.

हमी देणाऱ्या फ्रान्सने काय केले?

दुसरा धडा अधिक बोचरा होता, कारण या वेळी शब्द फिरवणारा खुद्द फ्रान्स होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सने पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाशी करार केले होते. मात्र या मित्रांच्या मदतीला धावून जाईल असे सैन्य उभारण्याऐवजी पैसा मॅजिनो तटबंदीच्या काँक्रीटमध्ये गेला. रणगाड्यांची वेगवान, व्यावसायिक फौज हवी, असा आग्रह धरणारे पुस्तक द गॉल यांनी १९३४ मध्ये लिहिले. त्यामागचा तर्क साधा होता. दुसऱ्याच्या रक्षणाचे वचन दिले असेल, तर आपल्या तटबंदीतून बाहेर पडता यायला हवे. वरिष्ठांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले, फ्रान्स हलला नाही. १९३८ मध्ये म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला गेला, त्यावर फ्रान्सची सही होती. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला झाल्यावर फ्रान्स आणि ब्रिटनने युद्ध पुकारले खरे, पण पश्चिम सीमेवर फ्रेंच फौजा थोड्या पुढे सरकल्या आणि मागे आल्या. पोलंड एकाकी लढून पडला. कराराचा कागद आणि लढण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे द गॉल यांनी आपल्याच देशाच्या वागणुकीत पाहिले.

१९४० च्या जूनमध्ये काय घडले?

मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले. द गॉल यांनी एका चिलखती डिव्हिजनच्या जोरावर मोंकोर्ने येथे प्रतिहल्ला केला, पण तो पुरेसा नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान पॉल रेनो यांनी त्यांना युद्ध खात्याचे उपमंत्री केले. ९ जूनला ते लंडनला गेले आणि आणखी लढाऊ विमाने पाठवा, अशी विनंती त्यांनी विन्स्टन चर्चिल यांना केली. चर्चिल यांनी नकार दिला. ती विमाने उद्या ब्रिटनच्या रक्षणासाठी लागणार होती. मित्र कितीही सच्चा असला, तरी शेवटचे हत्यार तो स्वतःसाठीच राखतो, हे या नकारातून दिसले. यात दुष्टावा नव्हता, राष्ट्राचा हिशेब होता.

रेनो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनाही साकडे घातले. सहानुभूती मिळाली, सामग्री पुरवण्याचे आश्वासन मिळाले. सैन्य येणार नव्हते. १६ जूनच्या रात्री सत्ता पेतां यांच्याकडे गेली आणि त्यांनी शस्त्रसंधी मागितला. दुसऱ्या दिवशी द गॉल विमानाने लंडनला पोहोचले. १८ जूनला बीबीसीवरून त्यांनी देशवासीयांना लढा सुरू ठेवण्याचे आवाहन केले. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. हाताशी सैन्य नव्हते, पैसा नव्हता आणि फ्रान्सबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पेतां यांच्या व्हिशी राजवटीने ऑगस्टमध्ये त्यांना गैरहजेरीत देहदंड ठोठावला.

अमेरिकेशी बिनसले कशावरून?

द गॉल यांचा अमेरिकाविरोध हा निव्वळ अहंकार होता, असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. अहंकार होताच. पण त्याला अनुभवाची जोडही होती. अमेरिकेने दीर्घकाळ व्हिशी सरकारशी राजनैतिक संबंध ठेवले. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश फौजा फ्रेंच उत्तर आफ्रिकेत उतरल्या, तेव्हा द गॉल यांना आधी कळवलेही नव्हते. रूझवेल्ट यांनी आधी अ‍ॅडमिरल दार्लान आणि मग जनरल जिरो यांना पुढे केले. जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेची माहितीही द गॉल यांना अगदी शेवटच्या क्षणी मिळाली. ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झाले. तरी अमेरिकेने त्यांच्या सरकारला अधिकृत मान्यता दिली ती ऑक्टोबरमध्ये.

फ्रान्सला अमेरिकेनेच मुक्त केले, हे द गॉल जाणून होते. मात्र त्या मुक्तीला चार वर्षे लागली, हेही ते विसरले नाहीत. अण्वस्त्रांच्या युगात चार वर्षे थांबून मग सुटका होण्याला काही अर्थ उरत नव्हता. ज्याची सुटका करायची, तो देशच तोवर शिल्लक नसता.

फ्रेंच बॉम्बचे श्रेय एकट्या द गॉल यांचे?

नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जुलै १९४४ मध्ये द गॉल कॅनडाच्या ओटावा शहरात गेले होते. तेथील अणुप्रकल्पात काम करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुप्ततेची अट मोडून, काही मिनिटांच्या भेटीत, नव्या बॉम्बची कल्पना त्यांच्या कानावर घातली. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांच्या हंगामी सरकारने फ्रान्सचा अणुऊर्जा आयोग स्थापन केला. पण राजकीय पक्षांच्या कुरबुरींना कंटाळून जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते कोलोंबे या गावी राहायला गेले. पुढची बारा वर्षे सत्ता त्यांच्याकडे नव्हती.

बॉम्बची खरी पायाभरणी या बारा वर्षांत झाली. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेने अणुविषयक माहिती मित्रांनाही देणे बंद केले. १९४९ मध्ये नाटो करार झाला. त्याच्या पाचव्या कलमात एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, असे तत्त्व आहे. मात्र प्रत्येक सदस्याने नेमकी कोणती मदत करायची, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. १९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंच फौज वेढली गेली, तेव्हा अमेरिकेने हवाई हल्ल्यांची विनंती मानली नाही. त्याच वर्षअखेर पंतप्रधान पिएर मेंदेस-फ्रान्स यांच्या सरकारने बॉम्बच्या तयारीला हिरवा कंदील दाखवला.

१९५६ चे सुएझ प्रकरण निर्णायक ठरले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर चाल केली. सोव्हिएत संघाने लंडन आणि पॅरिसला रॉकेटहल्ल्यांचा इशारा दिला. अमेरिकेने मित्रांना पाठीशी घालण्याऐवजी पौंडावर दबाव आणून ब्रिटनला माघार घ्यायला लावली. मोहीम चुकीची होती आणि भारतासह बहुतेक जगाने तिचा निषेध केला होता. पण लंडन आणि पॅरिस यांनी त्यातून अगदी उलटे निष्कर्ष काढले. ब्रिटनने ठरवले की अमेरिकेपासून यापुढे कधीही दूर जायचे नाही. फ्रान्सने ठरवले की अमेरिकेवर कधीही विसंबायचे नाही. एप्रिल १९५८ मध्ये पंतप्रधान फेलिक्स गायार यांनी १९६० च्या सुरुवातीला चाचणी घेण्याचा आदेश काढला. द गॉल सत्तेत परतले ते त्यानंतर, १ जूनला. अल्जीरियातील बंडाळीमुळे देश यादवीच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे बॉम्बचा निर्णय त्यांना आयता मिळाला. त्यामागचा विचार मात्र त्यांनी दिला.

अमेरिकी छत्राबाबत नेमकी शंका काय होती?

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेची हमी पटण्यासारखी होती. सोव्हिएत रणगाडे पश्चिम युरोपात शिरले, तर अमेरिकी बॉम्बफेकी विमाने मॉस्कोचा विध्वंस करतील आणि अमेरिकी भूमीला फारसा धक्का लागणार नाही, असे गणित होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेला आणि गणित बदलले. जे रॉकेट उपग्रह वर नेते, ते अमेरिकी शहरावर अण्वस्त्रही टाकू शकते. आता युरोपच्या रक्षणासाठी अण्वस्त्र वापरायचे तर न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट पणाला लागणार होते.

अमेरिकी नेते खोटारडे आहेत, असे द गॉल यांचे म्हणणे नव्हते. त्यांचा मुद्दा असा की, कोणताही जबाबदार अध्यक्ष दुसऱ्या देशासाठी स्वतःच्या कोट्यवधी नागरिकांचा बळी देणार नाही आणि देऊही नये. अडचण आश्वासन देणाऱ्याच्या सचोटीत नव्हती. ते आश्वासन पाळणेच अतार्किक ठरणार होते.

सप्टेंबर १९५८ मध्ये त्यांनी अध्यक्ष आयझेनहॉवर आणि ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांना टिपण पाठवले. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून जगभरातील सुरक्षेचे आणि अण्वस्त्रवापराचे निर्णय घ्यावेत, असा तो प्रस्ताव. तो मान्य होणे कठीणच होते. त्याच वर्षी अमेरिकेने कायद्यात बदल करून ब्रिटनला अणुरहस्यांचे दार उघडले होते, फ्रान्सला नव्हे. द गॉल यांचे उत्तर टप्प्याटप्प्याने आले. मार्च १९५९ मध्ये भूमध्य समुद्रातील फ्रेंच आरमार नाटोच्या कमानीतून काढून घेतले गेले. फ्रेंच भूमीवरील अमेरिकी अण्वस्त्रांवर फ्रान्सचे नियंत्रण नसेल तर ती इथे नकोत, अशी भूमिका घेतल्याने अमेरिकेला आपली सुमारे २०० विमाने फ्रान्सबाहेर हलवावी लागली.

मे १९६१ च्या अखेरीस जॉन केनेडी पॅरिसला आले. पॅरिससाठी न्यूयॉर्क पणाला लावाल का, या आशयाचा प्रश्न द गॉल यांनी त्यांना समोरासमोर विचारला. केनेडी यांनी बांधिलकीची ग्वाही दिली. द गॉल यांचे समाधान झाले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी लवचीक प्रतिसादाचे धोरण मांडले. आधी पारंपरिक शस्त्रांनी लढायचे, अण्वस्त्रांकडे पायरीपायरीने जायचे. अमेरिकेच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. पॅरिसमध्ये मात्र त्याचा अर्थ असा लावला गेला, की युद्ध झालेच तर ते युरोपच्या भूमीवर होईल आणि दोन्ही महासत्तांची घरे सुरक्षित राहतील.

दुबळ्याने बलाढ्याला धाक घालायचा कसा?

फ्रान्स सोव्हिएत संघाच्या बरोबरीने अण्वस्त्रे बनवू शकत नव्हता. मग मूठभर बॉम्बचा उपयोग काय? जनरल पिएर गालवा यांच्यासारख्या विचारवंतांनी याचे उत्तर दिले. हल्लेखोराला हरवण्याची गरज नाही. फ्रान्स गिळून जे मिळेल, त्यापेक्षा अधिक किंमत मोजावी लागेल एवढी खात्री पटवली तरी पुरे. मधमाशी माणसाला मारत नाही, तरी पोळ्यात हात घालणारा दहा वेळा विचार करतो, तसेच काहीसे.

या धाकाला एक अट होती. निर्णय घेणारा एकच असावा आणि तो स्वतःच्या देशाच्या अस्तित्वासाठी घेतला जावा. समितीने मतदान करून अण्वस्त्र वापरायचे म्हटले, तर शत्रूला भीती वाटत नाही. १९६२ मध्ये द गॉल यांनी सार्वमताने अध्यक्षपदाची थेट निवडणूक आणली. जानेवारी १९६४ च्या अध्यादेशाने अण्वस्त्रवापराचा आदेश देण्याचा अधिकार अध्यक्षांच्या हाती आला. आजच्या फ्रेंच अध्यक्षपदाचा दबदबा बऱ्याच अंशी या अधिकारातून आलेला आहे.

१९६४ मध्ये मिराज-४ बॉम्बफेकी विमाने तैनात झाली. मार्च १९६७ मध्ये पहिल्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीचे जलावतरण शेरबूर येथे द गॉल यांच्या उपस्थितीत झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये फ्रान्सने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. यातला विरोधाभासही नोंदवायला हवा. मिराज विमानांना सोव्हिएत भूमीपर्यंत पोहोचण्यासाठी हवेतच इंधन भरावे लागे आणि इंधन पुरवणारी बारा विमाने अमेरिकेकडून विकत घेतलेली होती.

विचारवंत रेमाँ आरों यांनी तेव्हाच टीका केली होती. छोटे अण्वस्त्रदल मोठ्या युतीच्या आधाराशिवाय कितपत पटण्यासारखे, असा त्यांचा रोख होता. फ्रान्सला हा मानीपणा परवडत होता त्याचे एक कारण भूगोल. सोव्हिएत फौजा आणि पॅरिस यांच्यामध्ये पश्चिम जर्मनी होता आणि तिथे अमेरिकी सैन्य उभे होते.

किंमत कोणी मोजली?

फ्रान्सचा पहिला बॉम्ब १३ फेब्रुवारी १९६० रोजी अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात रेगानजवळ फुटला. क्षमता सुमारे ७० किलोटन, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या चौपटीहून अधिक. अल्जीरियात तेव्हा फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते. ज्यांना फ्रान्स नको होता, त्यांच्याच भूमीवर फ्रान्सच्या सार्वभौमत्वाची चाचणी झाली. १९६६ पर्यंत तिथे १७ स्फोट झाले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावरही कराराने ही मुभा कायम ठेवली होती. १ मे १९६२ च्या भूमिगत स्फोटात डोंगर फाटून किरणोत्सर्गी ढग बाहेर पडला आणि हजर असलेल्या दोन मंत्र्यांसह अनेक जण त्याच्या तडाख्यात सापडले.

नंतर चाचण्या पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियात गेल्या. सप्टेंबर १९६६ मध्ये द गॉल स्वतः एका चाचणीला उपस्थित होते. १९९६ पर्यंत मुरुरोआ आणि फांगाटाउफा या प्रवाळबेटांवर १९३ चाचण्या झाल्या. त्यांतील १९७४ पर्यंतच्या चाचण्या वातावरणात होत. बाधितांसाठी भरपाईचा कायदा फ्रान्सने केला तो २०१० मध्ये. मित्राने आपल्यासाठी स्वतःची शहरे धोक्यात घालावीत का, या प्रश्नावर झोप उडालेल्या देशाने आपल्या धाकाचा धोका मात्र दूरच्या, आवाज नसलेल्या लोकांवर ढकलला. द गॉल यांच्या चरित्रातील हे पान झाकता येत नाही.

नाटो सोडली म्हणजे काय केले?

डिसेंबर १९६२ मध्ये केनेडी आणि मॅकमिलन यांच्यात नॅसॉ येथे करार झाला. ब्रिटनला पाणबुड्यांसाठी अमेरिकी पोलारिस क्षेपणास्त्रे मिळाली. तसाच देकार फ्रान्सलाही होता. १४ जानेवारी १९६३ च्या पत्रकार परिषदेत द गॉल यांनी तो नाकारला आणि त्याच वेळी युरोपीय सामायिक बाजारपेठेत ब्रिटनला प्रवेश देण्यासही विरोध केला. क्षेपणास्त्रासाठी अमेरिकेवर अवलंबून असलेला ब्रिटन युरोपात अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणूनच येईल, अशी त्यांची धारणा होती.

७ मार्च १९६६ रोजी त्यांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना पत्र पाठवले. फ्रान्स नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडत होता आणि परदेशी फौजांना एप्रिल १९६७ पर्यंत फ्रान्स सोडायचा होता. नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला गेले. मात्र इथे एक गैरसमज नेहमी होतो. फ्रान्सने नाटो करार सोडला नाही. पाचवे कलम लागूच राहिले. १९६७ मध्ये फ्रेंच आणि नाटोच्या सेनाधिकाऱ्यांत युद्धकाळातील सहकार्याची गुप्त व्यवस्थाही ठरली. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात तर द गॉल यांनी केनेडी यांना तत्काळ पाठिंबा दिला होता. त्यांना युती हवी होती, परावलंबन नको होते.

त्यांच्या तर्कातील गाठ कोणती?

जानेवारी १९६३ मध्ये द गॉल आणि जर्मन चान्सलर कोनराड आडेनॉवर यांनी एलिझे करार केला. शतकभराचे वैर संपवणारे ते पाऊल होते. पण पश्चिम जर्मनीने स्वतः अण्वस्त्रे न बनवण्याचे वचन १९५४ मध्येच दिले होते. त्यामुळे त्याला कोणाच्या तरी छत्राखाली राहावे लागणार होते. कराराला मंजुरी देताना जर्मन संसदेने नाटो आणि अमेरिकेशी बांधिलकी सांगणारी प्रस्तावना जोडली. द गॉल दुखावले. जर्मनांचा हिशेब मात्र त्यांच्याच तर्कातून आलेला होता. अमेरिका पॅरिससाठी न्यूयॉर्क पणाला लावणार नसेल, तर फ्रान्स तरी हॅम्बुर्गसाठी पॅरिस का पणाला लावेल? शिवाय अमेरिकेचे लाखो सैनिक जर्मन भूमीवर होते. हल्ला झाला असता तर ते पहिल्याच दिवशी मारले गेले असते आणि मग अमेरिकेला बाजूला उभे राहता आले नसते. सैनिकांची ही उपस्थिती हीच खरी हमी, असे बॉन सरकार मानत होते.

या गाठीचे उत्तर द गॉल यांनी दिले नाही. स्वतःसाठी बॉम्ब बाळगण्याचा तर्क त्यांनी पक्का बांधला. तोच तर्क शेजाऱ्याला हमी देताना कमकुवत ठरतो.

भारताशी याचा संबंध काय?

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली, तेव्हा हाच प्रश्न दिल्लीसमोर आला. डिसेंबरमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लंडनमध्ये अण्वस्त्रधारी देशांच्या हमीची कल्पना मांडली. १९६७ मध्ये लक्ष्मीकांत झा यांनी हाच विषय घेऊन मोठ्या देशांच्या राजधान्यांचा दौरा केला. ठोस हमी मिळाली नाही. १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार भारताने नाकारला. त्यावर तेव्हा फ्रान्सनेही सही केली नव्हती. तो त्यात सामील झाला १९९२ मध्ये. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिका आणि जपानने निर्बंध लादले, फ्रान्सने लादले नाहीत. दोन्ही देशांच्या व्यूहात्मक स्वायत्ततेच्या भाषेत साम्य आढळते, ते उगाच नाही.

अखेर आणि आजचा संदर्भ…

मे १९६८ च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनाने द गॉल यांची सत्ता हादरली. एप्रिल १९६९ मध्ये प्रशासकीय सुधारणांवरील सार्वमत हरल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी पद सोडले. ९ नोव्हेंबर १९७० रोजी कोलोंबेत, ऐंशीव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, त्यांचे निधन झाले. सरकारी इतमाम नको, अशी त्यांची आधीच लिहून ठेवलेली इच्छा होती. डाऊन सिंड्रोम असलेली त्यांची लाडकी मुलगी अ‍ॅन १९४८ मध्ये वारली होती. गावच्या दफनभूमीत तिच्या शेजारीच त्यांना साध्या कबरीत पुरण्यात आले.

२००९ मध्ये फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेत परतला, पण नाटोच्या अण्वस्त्र नियोजन गटात आजही नाही. चार पाणबुड्या आणि राफेल विमाने ही त्याच्या धाकाची साधने. अण्वस्त्रांची संख्या ३०० हून कमी असल्याचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी २०२० मध्ये सांगितले होते. रशियाकडे ती काही हजार आहेत. डोनाल्ड ट्रम्प यांच्या भूमिकेमुळे अमेरिकी हमीबाबत शंका वाढल्यावर मार्च २०२५ मध्ये मॅक्राँ यांनी फ्रेंच अण्वस्त्रांद्वारे युरोपीय मित्रांच्या संरक्षणाची चर्चा खुली केली. जुलैमध्ये फ्रान्स आणि ब्रिटनने आपली अण्वस्त्रदले स्वतंत्र ठेवून त्यांच्यात समन्वय साधण्याचे जाहीर केले. अंतिम निर्णय मात्र फ्रेंच अध्यक्षांचाच राहील, हेही मॅक्राँ यांनी स्पष्ट केले. हा द गॉल यांचाच नियम.

म्हणून वॉर्सा, व्हिल्नियस किंवा बर्लिनमध्ये आज जो प्रश्न विचारला जातो तो १९६१ चाच आहे. फक्त त्यात न्यूयॉर्कच्या जागी पॅरिस आले आहे. हमी टिकते ती करारातील शब्दांवर कमी आणि देणाऱ्याने आधीच काय पणाला लावले आहे यावर अधिक, हे द गॉल यांनी १९१९ ते १९४० या वीस वर्षांत पाहिले होते. त्यांच्या वारसदारांना आता शेजाऱ्यांसमोर याच कसोटीला उतरावे लागणार आहे.